पंप नाही, तरी पाणी चालतं: तीस हजार व्होल्ट आणि एक केसाएवढी नळी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागातलं बोलणं इथे लिहून काढलं आहे. बोलण्याची भाषा होती तशीच ठेवली आहे.)

 

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावतील, मला माहीत आहे. विषय आहे प्रयोगशाळेत रेणू वेगळे करण्याचा, आणि तेही विजेच्या जोरावर. याचं नाव कॅपिलरी इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफी. नाव एवढं लांब आहे की माझ्या घरी ते आजतागायत कुणी पूर्ण उच्चारलेलं नाही. पण पाच मिनिटं द्या. या नावामागे एक फार सुंदर कल्पना आहे, माझ्या आयुष्यातली तीन वर्षं आहेत आणि शेवटी माझे मामासुद्धा आहेत.

आधी क्रोमॅटोग्राफी म्हणजे काय ते बघू. शाळेत तुम्ही शाईचा ठिपका देऊन खडू किंवा गाळणकागद पाण्यात उभा केला असेल. पाणी वर चढतं, शाई त्याच्याबरोबर चढते, आणि काळ्या शाईतून निळा, जांभळा, लाल असे रंग सुटे होतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच केलं. काचेच्या नळीत खडूची पूड भरली, वरून पानांचा अर्क ओतला, आणि हिरव्या-पिवळ्या रंगांचे पट्टे वेगळे झाले. क्रोमॅटोग्राफी हा शब्द त्यांनी १९०६ साली छापील लेखात वापरला. गंमत म्हणजे रशियन भाषेत ‘त्स्वेत’चा अर्थच रंग!

आता दादरचा पूल डोळ्यांसमोर आणा. गाडीतून एकाच वेळी शंभर माणसं उतरली आणि पुलावरून पलीकडे निघाली. पुलाच्या कडेने वडापाव, मोबाइल कव्हर, गजरे. काही माणसं कुठेच थांबत नाहीत. काही एकदा थांबतात. काही प्रत्येक ठिकाणी थांबून भाव विचारतात. पुलाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून मोजलंत, तर आधी न थांबणारे येतील, मग एकदा थांबणारे, शेवटी भाव विचारणारे. एकत्र निघालेला घोळका पोहोचेपर्यंत तीन गटांत विभागला गेला. बस, एवढंच. माणसं म्हणजे रेणू, पूल म्हणजे नळी, दुकानं म्हणजे नळीत भरलेले बारीक दाणे. ज्या रेणूला दाण्यांची जास्त ओढ, तो मागे राहतो.

आता या पुलावर दोन अडचणी आहेत.

पहिली अशी की पुलाच्या मधून चालणारा माणूस भराभर जातो आणि कठड्याला घासून चालणारा हळू. दोघंही न थांबणारे असले तरी एकाच वेळी पोहोचत नाहीत. म्हणजे एकाच गटाची माणसं पसरतात. पंपाने ढकललेल्या पाण्याचंही तसंच. नळीच्या मधलं पाणी वेगाने जातं, भिंतीला चिकटलेलं जवळजवळ थांबतं. त्यामुळे रेणूंचा पट्टा रुंद होतो, आणि शेजारचे दोन पट्टे एकमेकांत मिसळतात. वेगळं करायला निघालो होतो आणि पुन्हा खिचडी.

दुसरी अडचण दाबाची. दाणे जितके बारीक तितकी वाटणी चांगली होते. पण दाणे बारीक म्हणजे मधल्या फटीही बारीक, मग पाणी ढकलायला जोर जास्त लागतो. लांबी आणि वेग तोच ठेवून दाण्याचा आकार निम्मा केला, तर दाब चौपट लागतो. आज औषध कंपन्यांत सर्रास वापरली जाते ती एचपीएलसी, तिच्यात दोनशे-चारशे बार दाब ही रोजची गोष्ट आहे. बार म्हणजे किती? आपल्या घरच्या कुकरची शिट्टी साधारण एक बार जादा दाबाला होते. तेव्हा तीनशे-चारशे कुकरांचा दाब एका नळीत कोंडला आहे असं समजा.

मग कुणीतरी विचारलं, की पंपच काढून टाकला तर?

इथे कल्पनेचा गाभा आहे, नीट ऐका. काचेची नळी घेतली आणि तिच्यात क्षार विरघळवलेलं पाणी भरलं, की काचेच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार तयार होतो. पाण्यातले धन आयन त्या भिंतीजवळ गोळा होतात. हा थर फक्त काही नॅनोमीटर जाडीचा असतो. आता नळीच्या दोन टोकांना विजेचा दाब लावा. भिंतीजवळचे धन आयन ऋण टोकाकडे धावतात आणि जाताना पाण्याला ओढून नेतात. भिंतीलगतचं पाणी निघालं की त्याच्या आतलं निघतं, मग त्याच्या आतलं. सगळी नळीभर पाणी एका वेगाने सरकायला लागतं.

दादरच्या पुलावर परत या. समजा तुम्ही चालतच नाही आहात, पुलाची जमीनच सरकते आहे. मधला माणूस आणि कठड्याजवळचा माणूस एका ओळीत पुढे जातात. पसरणं नाही. दुकानं मात्र आहेत तिथेच आहेत, त्यामुळे थांबणारे थांबतात आणि मागे पडतात. म्हणजे पहिली अडचण बरीचशी गेली.

दुसरीही गेली! कारण नळीत भरलेल्या प्रत्येक सिलिका दाण्याचा पृष्ठभाग हीसुद्धा एक भिंत आहे. प्रत्येक दाणा आपल्या अंगालगतचं पाणी स्वतः ओढतो. फट बारीक असली म्हणून काही बिघडत नाही. दाणे फारच सूक्ष्म केले नाहीत, तर पाण्याचा वेग त्यांच्या आकारावर अवलंबून राहत नाही. चारशे कुकरांची गरजच संपली.

या परिणामाला विद्युत-परासरण म्हणतात आणि तो काही नवा नाही. मॉस्कोत फर्डिनांड रॉइस यांनी ओल्या मातीतून वीज सोडून पाणी सरकताना पाहिलं. १८०९ साली ते छापून आलं. व्होल्टाची बॅटरी निघून तेव्हा दहाच वर्षं होत होती. पण क्रोमॅटोग्राफीत तो पंपासारखा नीट वापरून बघायला १९७४ उजाडलं. ते काम दक्षिण आफ्रिकेत व्हिक्टर प्रिटोरियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. मग १९८१ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जेम्स जॉर्गेन्सन आणि क्रिन ल्यूकाक्स यांनी ७५ मायक्रोमीटर व्यासाच्या काचेच्या नळीला तीस हजार व्होल्टपर्यंत दाब लावून दाखवला. ७५ मायक्रोमीटर म्हणजे साधारण आपल्या एका केसाची जाडी.

तुम्ही म्हणाल, तीस हजार व्होल्ट आणि पाणी उकळत नाही? नळी बारीक आहे म्हणूनच नाही. आतलं पाणी अगदी थोडं, त्या मानाने भिंत भरपूर, त्यामुळे उष्णता झटकन बाहेर जाते. प्रवाहही असतो काही मायक्रोअँपिअर. हीच नळी बोटाएवढी जाड असती, तर आत रस्सा उकळला असता.

त्यांच्या त्या नळीत दाणे नव्हते, ती मोकळी होती. मोकळ्या नळीत रेणू आपापल्या विद्युतभारानुसार वेगळे होतात. त्याला कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. नळीत दाणे भरून दुकानं उघडलीत, की झाली इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफी. ही दोघी सख्ख्या बहिणी आहेत असं समजा. गोष्टीच्या शेवटी धाकटी-थोरलीचा हिशोब येणार आहे.

आता माझी गोष्ट.

एमएस्सी झाल्यावर मी संशोधनाला लागले, तेव्हा हा विषय मी स्वतः मागून घेतला होता. कागदावर तो एवढा देखणा होता की प्रेमातच पडले. एचपीएलसीत चांगल्या नळीला मीटरमागे लाखभर पायऱ्या मिळतात. पायऱ्या म्हणजे वाटणीची बारकाई मोजायचं माप. इथे दोन-तीन लाख मिळू शकत होत्या. आणि वर्षाला द्रावक किती लागणार? बाटलीभर. शेजारच्या एचपीएलसीला रोज लिटरभर लागायचं.

मग नळी भरायला बसले. नळीत दाणे भरायचे तर ते बाहेर सांडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना सच्छिद्र बूच लागतं, त्याला फ्रिट म्हणतात. ते विकत मिळत नाही. नळीत भरलेल्या सिलिकाचा मिलिमीटरभर भाग तापलेल्या तारेने भाजून एकमेकांना चिकटवायचा. कमी भाजलं तर बूच सुटतं. जास्त भाजलं तर नळी त्याच जागी इतकी ठिसूळ होते की शिंकलात तरी मोडते. नळीवर तपकिरी प्लास्टिकचं अस्तर असतं, ते भाजल्यावर जळून जातं आणि उरते उघडी काच. त्याच्या शेजारीच प्रकाश आरपार जाण्यासाठी अस्तर जाळून अजून एक खिडकी करायची. एक नळी तयार करायला माझे दोन दिवस जायचे.

मग ती यंत्रात बसवायची, व्होल्टेज हळूहळू चढवायचं आणि प्रवाहाच्या आकड्याकडे बघत बसायचं. चार मायक्रोअँपिअर. चार. चार. साडेतीन. आणि एकदम शून्य.

बुडबुडा.

हा बुडबुडा माझा तीन वर्षांचा शत्रू. होतं असं, की दाणे भरलेल्या भागात पाण्याचा ओढा एक असतो, भाजलेल्या बुचात दुसरा आणि पुढच्या मोकळ्या भागात तिसरा. एका वेगाने येणारं पाणी दुसऱ्या वेगाने जायला बघतं. सांध्यावर दाब कमी होतो आणि विरघळलेली हवा बाहेर येते. साध्या नळात बुडबुडा आला तर पाणी त्याला ढकलून देतं. इथे बुडबुडा आला की वाट तुटते, वीज थांबते, म्हणजे पाणीही थांबतं. नळी आतून कोरडी पडते. दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत केरात.

उपाय होते, आणि ते मी सगळे केले. द्रावकातली हवा काढून टाकली. दोन्ही टोकांना सारखा दाब दिला, म्हणजे बुडबुडा फुगायला जागा मिळू नये. फ्रिटच नको म्हणून मोनोलिथ करून पाहिले. मोनोलिथ म्हणजे सुटे दाणे न भरता नळीतच स्पंजासारखा एकसंध सच्छिद्र पदार्थ तयार करायचा. फ्रांतिशेक श्वेत आणि जाँ फ्रेशे यांनी नव्वदच्या दशकात हा रस्ता दाखवला होता. बुडबुडे कमी झाले, खरंच झाले. पण सोमवारी केलेली नळी आणि गुरुवारी केलेली नळी एकसारखं उत्तर देईनात.

यावर एक जुना किस्सा सांगते. १९९५ साली इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी या तंत्राने काही औषधांसाठी मीटरमागे ऐंशी लाखांहून जास्त पायऱ्या मिळाल्याचं छापलं. ऐंशी लाख! जगभर लोक कामाला लागले. पण ते उत्तर पुन्हा पुन्हा, हमखास असं कुणालाच मिळवता येईना. एकदा मिळालेलं आणि दर वेळी मिळणारं यांत किती अंतर असतं, ते मी पुस्तकात वाचलं होतं. हाताला ते माझ्या दुसऱ्या वर्षी कळलं.

तिसऱ्या वर्षी माझ्या गाइड मॅडमनी मला बोलावलं आणि शांतपणे विचारलं, ‘‘तुझ्या वहीत किती नळ्यांची नोंद आहे?’’ मी म्हटलं, एकशे बारा. ‘‘त्यातल्या किती आठवडाभर टिकल्या?’’ मी मोजल्या. नऊ. त्या काही बोलल्या नाहीत. मी हॉस्टेलवर आले आणि जेवलेच नाही.

आता जरा बाहेरच्या जगाचं सांगते. ज्या पंपाला आम्ही हाकलायला निघालो होतो, तो गप्प बसला नव्हता. आणि बघा काय योग! विजेची नळी गाजवणारे तेच जॉर्गेन्सन १९९७ मध्ये दुसऱ्या टोकाला गेले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दीड मायक्रोमीटरचे दाणे घेतले आणि चार हजार बारच्या आसपास दाब देऊन पाणी ढकलून दाखवलं. २००४ साली हजार बारला चालणारी यंत्रं बाजारात आली. बटण दाबा, नमुना ठेवा, चहा पिऊन या. भाजायचं काही नाही, बुडबुडा नाही. कारखान्यातल्या माणसाला हवं होतं तेच मिळालं. पालघर जिल्ह्यात तारापूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला औषधांच्या कंपनीत नोकरीला लागलात, तर एचपीएलसी दिसेल, तिची ही धाकटी बहीणही दिसेल. इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफी बहुधा दिसणार नाही. ती संशोधनाच्या प्रयोगशाळांत आहे, आणि तिथेही थोडीच.

मग माझी तीन वर्षं फुकट गेली का? बरेच दिवस मला तसंच वाटत होतं. माझा अर्धा प्रबंध मी शेवटी दाण्यांशिवायच्या, मोकळ्या नळीवर लिहिला, म्हणजे त्या दुसऱ्या बहिणीवर. नाइलाजाने. तेव्हा लाजच वाटली होती.

या दुसऱ्या बहिणीचं एक काम सांगते, मग तुम्हीच ठरवा.

२००७च्या शेवटी आणि २००८च्या सुरुवातीला अमेरिकेत डायलिसिसचे रुग्ण अचानक अत्यवस्थ व्हायला लागले. रक्तदाब कोसळायचा, श्वास लागायचा. काही दगावले. सगळ्यांत एक गोष्ट समान होती, हेपारिनचं इंजेक्शन. रक्त गोठू नये म्हणून ते देतात. हेपारिन डुकराच्या आतड्यांपासून मिळवतात आणि त्याचा कच्चा माल चीनमधून येत होता. औषध तपासलेलं होतं. नेहमीच्या परीक्षेत पास झालेलं होतं! कारण नेहमीची परीक्षा एवढंच विचारायची, की हे रक्त गोठणं लांबवतं का? उत्तर येत होतं, हो.

पण त्यात भेसळ होती. कॉन्ड्रॉइटिन सल्फेट नावाचा स्वस्त पदार्थ असतो, प्राण्यांच्या कूर्चेतून मिळणारा. त्याला कुणीतरी जादा सल्फेट जोडून हेपारिनसारखं सोंग दिलं होतं. तेही थोडंफार रक्त पातळ ठेवत होतं, म्हणून जुन्या परीक्षेला ते कळलं नाही.

मार्च २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हेपारिन तपासण्यासाठी दोन पद्धती जाहीर केल्या. एक एनएमआर आणि दुसरी कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस. का? कारण सोंग कितीही चांगलं असलं तरी विद्युतभार लपत नाही. हेपारिनच्या साखळीत साखरेच्या दर जोडीमागे सरासरी अडीचच्या आसपास सल्फेट असतात. या भेसळीत चार. म्हणजे ऋण भार जास्त. विजेच्या नळीत घातल्यावर तिची चाल हेपारिनपेक्षा वेगळी पडली. आलेखावर जिथे एकच टेकडी दिसायला हवी, तिथे शेजारी दुसरी उभी राहिली.

हे मी पहिल्यांदा वाचलं ते हॉस्टेलच्या त्या न जेवलेल्या रात्रीनंतर काही आठवड्यांनी. आणि मला माझे मामा आठवले. मामा सांगलीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. मामी बरोबर असते, डबा घेऊन. एकदा सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेले होते. सिस्टरने छोटी बाटली फोडली, सिरिंज भरली. मामीने विचारलं, ‘‘ताई, हे काय असतं हो?’’ सिस्टर म्हणाली, ‘‘हेपारिन, रक्त गोठू नये म्हणून.’’ मामी माझ्याकडे वळली, ‘‘तुला माहितीये का गं हे? तू तेच काहीतरी नळीबिळीचं करतेस ना?’’

त्या दिवशी मी नुसतीच हो म्हणाले होते. त्या बाटलीत जे लिहिलंय तेच आहे, हे कुणीतरी बघितलेलं असतं म्हणून सिस्टर निर्धास्तपणे ती फोडते, एवढं साधं वाक्य मला तेव्हा सुचलं नाही.

आज मी औषधांची शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या टेबलावर मोकळ्या नळीचं यंत्र आहे. प्रवाहाचा आकडा जरा हलला की मला यंत्राच्या आधी कळतं, काहीतरी बिनसलंय. नवी मुलं विचारतात, मॅडम, कसं काय ओळखलंत? एकशे तीन मोडक्या नळ्यांनी शिकवलं, आणखी काय!

आता तुमच्यातले जे कुणी एमएस्सी करताय, नाहीतर विषय निवडायच्या तोंडावर आहात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. देखणा विषय जरूर घ्या, पण पहिल्या सहा महिन्यांतच वहीत एक रकाना आखा: किती वेळा केलं, किती वेळा तसंच आलं. मी तो आखला नव्हता, मॅडमनी विचारल्यावर मोजलं. आणि दुसरी गोष्ट, विषय हातातून निसटला तर त्याच्या शेजारचा विषय बघा. तुमचे हात तोवर तयार झालेले असतात.

आणि हो, घरी तीस हजार व्होल्टचा प्रयोग करायचा नाही! खडू आणि शाई पुरे. चहाच्या कपात थोडं पाणी, खडूवर काळ्या स्केचपेनचा ठिपका, ठिपका पाण्याच्या जरा वर राहील असा खडू उभा करा. किती रंग निघाले ते मला फोटो काढून पाठवा.

पुढच्या वेळी मामांकडे जाईन तेव्हा मामीला हा भाग ऐकवणार आहे. नाव तिला जमणार नाही, पण दादरचा पूल तिला माहीत आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.